लाकूड आणि तार

वेटोळं तळहातावर नीट बसत नव्हतं. मूठ मिटली की गप्प राही, उघडली की जरासं उलगडे आणि त्याचं एक टोक अंगठ्याच्या मुळाशी टोचे — पिवळसर, मधाच्या रंगाचं, शेवटाला लाल रेशमाचा दोरा गुंडाळलेलं. दिसायला सुरेखच होतं. सकाळी साडेआठला डाक बंगल्याच्या ओसरीवर ते हातात पडलं तेव्हा दीपचंदनं कौतुकानं विचारलंसुद्धा होतं, की हा धातू कोणता, आमच्या सतारीला असली तार नसते... आणि आता टांग्यात बसून नव्या पेठेकडे जाताना ते फेकूनही देता येत नव्हतं. रस्त्यावर फेकायचं तरी कसं? कुणाच्या पायाखाली आलं म्हणजे? आणि खिशात तरी कसं ठेवायचं — खिसा छातीवरचा होता.

ज्यानं ते तुटक्या तारेचं वेटोळं आठवण म्हणून दिलं तो ओस्ताप, चेलोवाला. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोराड भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा — हे दीपचंद गेले दोन महिने घरी, दारी, दुकानात, गुरांच्या छावणीवर, ज्याला त्याला सांगत सुटला होता. युक्रेनमधला मोठा सिंफनी वाद्यवृंद, ऐंशी माणसांचा. मुंबईत त्यांचे चार कार्यक्रम, आणि मधल्या आठवड्यात त्यातली चौदा माणसं जिल्ह्याच्या गावांना पाठवायची असं कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं, तेव्हा जळगावच्या मैत्री मंडळाचा चिटणीस म्हणून यानं मुंबईला सतरा पत्रं लिहिली. सतरावं पत्र महत्त्वाचं. गावात धड छप्पर आणि धड शांतता असलेलं सभागृह एकच — ओसवाल पंचायतीचं भवन. आणि त्या भवनाच्या उंबऱ्याच्या आत चामड्याची चीजवस्तू जात नाही. चपला तर नाहीतच, पण कमरेचा पट्टा नाही, पैशाचं पाकीट नाही, ढोलकी नाही, तबला नाही. म्हणून त्यानं लिहिलं होतं: कृपया ढोल-नगारे पाठवू नयेत, कातडं लावलेलं कोणतंही वाद्य चालणार नाही, फक्त तारांची वाद्यं पाठवावीत. फक्त तारांची! हे लिहून पाकीट चिकटवताना स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं. वाजवायच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हेही त्यानं पुस्तकातून शोधून काढलं होतं आणि त्याचाही निकाल लावून घेतला होता — केस कापल्यानं घोडा मरत नाही, असं बाउजी, त्याचे वडील, स्वतः म्हणाले होते. एवढा खोलात गेलेला माणूस. आणि तार म्हणजे तार, पोलादाची नाहीतर पितळेची, याच्या पलीकडे त्याची अक्कल गेलीच नाही.

"मेंढी," ओस्ताप मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता. आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उजेड पडत नाही असं पाहून त्यानं आपल्या पोटावर हात थोपटला. "आतलं."

आतडं. म्हणजे तात.

या शब्दाशी आल्यावर टांगा एकदम थांबल्यासारखा वाटला, पण टांगा चाललाच होता. तात म्हणजे काय ते खानदेशातल्या पोराला शिकवावं लागत नाही. दिवाळी सरली की पिंजारी यायचा, खांद्यावर ते धनुष्यासारखं लांबलचक पिंजण, आणि त्याची ती ताणलेली तात कापसात शिरली की धुंई... धुंई... असा आवाज दिवसभर. लहानपणी मी त्याच्यासमोरून हलायचो नाही. आणि बाउजी त्याला कधीच अंगणात बसू द्यायचे नाहीत — गल्लीत बस, म्हणायचे, तात घरात नको. गाद्या मात्र घरात यायच्या. त्या गाद्यांवर आम्ही सगळे झोपायचो... हे आपल्याला आजवर कधी कसं सुचलं नाही? गादी चालते, तात चालत नाही. मग नाद आत आणि तात बाहेर अशी काही सोय —

छे. उगाच काहीतरी.

भवनाच्या पायऱ्यांवर चुडामण बसला होता. भवनाची राखण, झाडलोट, दारातली तपासणी, सगळं चुडामणकडे. त्याच्यापुढे पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे चौदा जोड ओळीनं मांडलेले होते. पाहुण्यांच्या पायांची मापं तार करून मागवून आणलेले, कारण काळ्या सुटांखालचे त्यांचे चकचकीत बूटही चामड्याचेच असणार. हीसुद्धा आपलीच हुशारी.

"भाऊ, बठ्ठ्या खुर्च्या मांडी दिन्यात," चुडामण उठत म्हणाला. मग जवळ येऊन त्यानं नीट पाहिलं. "तुमनं तोंड काबरं उतरेल शे? जागरन व्हयनं का?"

"काही नाही रे. ऊन लागलं."

"नऊ वाजता?"

दीपचंद आत गेला. सभागृह थंड होतं. नव्या रंगाचा, फिनेलचा, धुतलेल्या सतरंज्यांचा वास. व्यासपीठावर चौदा खुर्च्या अर्धवर्तुळात, आणि मागच्या भिंतीवर कापडी फलक — दुष्काळ निवारण, गोरक्षण छावणीच्या साहाय्यार्थ. चाऱ्यासाठीचा कार्यक्रम. गावाबाहेरच्या छावणीत सातशे जनावरं उभी आहेत, पाऊस नाही, कडबा नाही, कसायाच्या दारी जाऊ नयेत म्हणून बाउजींनी ती आणून बांधलीत. आणि त्यांना जगवण्यासाठी मेंढीच्या आतड्यांवर... दीपचंदला हसू फुटलं. हसण्याचा आवाज रिकाम्या सभागृहात फार मोठा झाला, तसा तो चपापला.

खुर्चीच्या पाठीला त्यानं हात लावला. आणि मग तेही आलंच मनात, यायला नको होतं तरी आलं — सरस. सुतार लाकूड कशानं चिकटवतो? सरसानं. सरस कशाचा? कातडी, खूर, शिंगं उकळून काढतात तो. म्हणजे या खुर्च्या. म्हणजे व्यासपीठ. म्हणजे ते सागवानी कपाट, ज्यात आगमांच्या पोथ्या ठेवल्यात, आणि त्यांतल्या बांधीव पोथ्यांची बांधणीही... त्यानं हात काढून घेतला. आता नजर जिथे जाईल तिथे हेच दिसणार होतं. बाउजींच्या डोक्यावरची केशरी पगडी रेशमी. उकळत्या पाण्यात किती किडे — पुरे. हे असं मोजत गेलं तर माणसानं उभं कुठे राहायचं? पण बाउजी विचारतील तेव्हा खुर्चीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, हे त्याला कळत होतं. खुर्चीबद्दल मी त्यांना शब्द दिलेला नव्हता. वाद्यांबद्दल दिला होता.

शब्द दिला होता — हेच खरं दुखत होतं.

सोळा वर्षांपूर्वी तो पुण्याला कॉलेजात होता तेव्हा तबला शिकायला लागला आणि दिवाळीच्या सुटीत तबला-डग्गा घेऊन घरी आला. बाउजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती जोडी स्वतःच्या हातानंही उचलली नाही, गड्याकडून ओट्यावर ठेववली आणि म्हणाले, "यात वासरू आहे, दीपा. बाहेर असू दे." सकाळपर्यंत दंव पिऊन तबला उतरला. दीपचंदनं तो पुण्याला नेऊन मित्राला देऊन टाकला, आणि त्यानंतर बापलेकांत संगीत हा विषय निघालाच नाही. संगीतच कशाला, दुकानातलं कामकाज सोडलं तर दुसरा विषयच निघाला नाही. गच्चीवर रेडिओ अगदी बारीक लावून, कान त्याला चिकटवून, तो परदेशी स्टेशनांवरच्या सिंफन्या ऐकायचा — खरखरीतून मधेच वर येणारी ती शंभर व्हायोलिनं — आणि खाली जिना वाजला की बंद करायचा. बायको-मुलं असलेला, छत्तीस वर्षांचा माणूस.

आणि दोन महिन्यांपूर्वी बाउजी आपण होऊन म्हणाले, "कातडं नाही ना? मग मी येईन. पुढेच बसेन."

तेव्हापासून रोज संध्याकाळच्या जेवणानंतर बापलेक झोपाळ्यावर बसू लागले. चौदा जण एकच धून वाजवतात की वेगवेगळी? वेगवेगळी, तर मग भांडण कसं होत नाही? पुढे काठी घेऊन उभा राहतो तो काय करतो? युक्रेन म्हणजे रशियाच ना? — नाही, बाउजी, शेजारी, त्यांची भाषा वेगळी, गहू पिकतो, जमीन आपल्यासारखी काळी. काळी? वा, म्हणजे आपलीच माणसं! — म्हातारा मुलासारखा विचारायचा. आणि मी उत्तरं देत राहायचो, झोपायची वेळ टळून जायची. हे सगळं एका वेटोळ्यानं जाणार होतं. आणि मला ते जायला नको होतं. एवढंच. बाकीचं अहिंसा वगैरे सगळं त्याच्यानंतर.

घरी पोचला तेव्हा बाउजी सामायिकात, रोजच्या ध्यानात, बसले होते. पांढऱ्या आसनावर, तोंडाला मुहपत्ती बांधलेली, समोर वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं. या वेळात कुणी बोलत नाही, कुणी बोलावत नाही. वाळू निम्म्याच्या वर राहिली होती. दीपचंद समोरच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि वाक्यं जुळवू लागला. बाउजी, एक चूक झाली. बाउजी, मला आज सकाळीच कळलं. बाउजी, सगळ्याच वाद्यांना नाही, फक्त मोठ्या दोन-तीन... हे तर खोटंच; त्यानं विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर आकडा कळला असता, आणि आकडा त्याला नको होता. वाळू बारीक धारेनं पडत होती. बाउजींचे डोळे मिटलेले, चेहरा इतका स्वच्छ, की त्या चेहऱ्याला आपण काही सांगायला आलोय याचीच लाज वाटली.

वाळू संपली. बाउजींनी हात जोडले, मुहपत्ती सोडली, आणि आसन घडी करायच्या आधीच कोनाड्यातला एक कागद काढला.

"आलास? बरं झालं. हे ऐक." चष्मा लावून ते वाचू लागले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं भाषण. आयुष्यात पहिलंच. "युक्रेन देशातून आलेल्या पाहुण्यांनो. आपण इतक्या लांबून आमच्या मुक्या जनावरांसाठी आलात. आमच्या धर्मात जीवदया मोठी. म्हणून मला विशेष आनंद आहे, की तुमच्या या कलेसाठी कोणत्याही जीवाला दुखवावं लागलेलं नाही. हे नुसतं लाकूड आणि तार आहे..." ते थांबले. "नुसतं म्हणू की केवळ?"

दीपचंदनं मूठ पाठीमागे नेली.

"दीपा?"

"केवळ," तो म्हणाला. "केवळ बरं वाटतं."

बाउजींनी कागद गुडघ्यावर ठेवून शब्द खोडला, दुसरा लिहिला. असा जबाबदारीनं, दौतीत टाक बुडवून. आणि दीपचंदला कळलं, की मघापर्यंत ती चूक होती; आत्ता, या क्षणी, खोटं झालं.

त्याची बायको प्रेमकुंवर स्वयंपाकघरात फुलके लाटत होती. तिच्यापुढे त्यानं मूठ उघडली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती सासऱ्यांसमोर बोलत नाही, पदर पुढे ओढून पाठमोरी होते. त्यामुळे तिच्या तोंडून त्यांच्या कानी जायची भीती नव्हती — की तशी आशाच होती त्याला, कोण जाणे. ती तव्यावरचा फुलका उलटून म्हणाली,

"तुम्हाला कुणासाठी सांगायचंय? त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

"म्हणजे?"

"सांगितलंत की तुम्ही मोकळे. आणि ते? पाहुणे गावात आलेत, तिकिटं गेलीत, धुळ्याहून माणसं यायचीत. कार्यक्रम बंद करा असं त्यांना म्हणवणार नाही. आणि होऊ द्या असंही म्हणवणार नाही. मग रात्रभर बसतील त्या आसनावर." फुलका फुगला. "आणि नाही सांगितलंत तर तुम्ही बसाल. तुमचं वय कमी आहे."

तिला हे इतकं सोपं कसं दिसतं? त्याला रागच आला. पण तिनं हात धुऊन, पदरानं पुसून, ते वेटोळं त्याच्या हातातून घेतलं, कागदात गुंडाळलं आणि म्हणाली, "हे मी छावणीच्या मागे मातीत पुरून येते. जेवून घ्या." तळहात रिकामा झाला. टोचल्याची जागा तेवढी लाल होती, आणि तो जेवता जेवता पुन्हा पुन्हा ती चाचपत राहिला.

चार वाजता पाहुणे सरावाला भवनात आले. चुडामणनं दारात पट्टे काढून घेतले, पाकिटं काढून घेतली, एकेकाच्या पायात पांढरे कॅनव्हास चढवले. काळे सूट, काळे पायघोळ झगे आणि खाली शाळेच्या कवायतीचे बूट. एक सोनेरी केसांची बाई आपल्या पायांकडे पाहून इतकी हसली की बाकीचेही हसू लागले. फक्त त्यांच्याबरोबरचा मॉस्कोचा दुभाष्या हसला नाही. तो पुस्तकी हिंदी बोलायचा आणि सगळ्यांवर पिलांवरच्या कोंबडीसारखी नजर ठेवायचा. थोड्या वेळानं तो तारमास्तरांकडे फोन करायला गेला, तेव्हा ओस्ताप मागच्या ओसरीवर येऊन पायरीवर बसला. साठीच्या आसपासचा, जाड मिशांचा, बोटांची टोकं घट्टे पडून चपटी झालेली. दीपचंद त्याच्याजवळ गेला. आपण काय विचारणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"पोलादाच्या तारा नाहीत तुमच्याकडे?"

"दोन-तीन. बाकी आतड्याच्या. काल वाटेत हवा कोरडी, धूळ — त्यातल्याही तटातट गेल्या. का?"

मग त्यानं सांगितलं. उंबरा, कातडं, वडील, सतरावं पत्र, भाषण, आणि तो 'केवळ' शब्द. मोडक्या इंग्रजीत मोडक्या इंग्रजीला. ओस्ताप हसला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "तुझा बाप रागावेल?"

"नाही. रागावणार नाहीत."

"हं. ते वाईट."

भवनाच्या आतून कुणीतरी एकच स्वर पुन्हा पुन्हा काढत होतं. ओस्ताप आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहत बोलू लागला, मधेमधे शब्द शोधत. घरी आम्ही ट्रकमधून जातो, म्हणाला — कोळशाच्या खाणीवर वाजवतो, साखरेच्या कारखान्यात वाजवतो, शेतकऱ्यांसमोर चिखलात फळ्या टाकून वाजवतो. युद्ध संपलं तेव्हा छप्पर उडालेल्या नाट्यगृहात हातमोजे कापून बोटं बाहेर काढून वाजवलं, आणि लोक भाकरीची रांग सोडून यायचे. आपली गाणी या मोठ्या वाद्यांत बसतात, एवढं त्यांना ऐकायचं असायचं. बाहेर आलो की मात्र आम्ही माणसं नसतो, आम्ही देश असतो. काय वाजवायचं ते कागदावर शिक्का मारून येतं. हसायचं किती तेही.

"माझा बाप लग्नात व्हायोलिन वाजवायचा," तो म्हणाला. "एक व्हायोलिन, एक ढोल, गावात एवढंच. मी वीस वर्षांचा असताना — गहू होता. शेतात होता. सरकारनं नेला. भूक पडली ती पाऊस नव्हता म्हणून नाही, नेला म्हणून. कुत्री संपली. मग ढोलाचं कातडं उकळलं. मग माझ्या बापानं व्हायोलिनच्या तारा काढल्या. चार तारा. बहीण लहान होती." त्यानं चार बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली. "पाणी जरा घट्ट होतं. एवढंच."

दीपचंदनं नकळत तळहातावरची लाल जागा दाबली.

"हे कुणाला सांगायचं नाही," ओस्ताप उठत म्हणाला. रस्त्यावरून दुभाष्या येताना दिसत होता. "ते वर्ष आमच्या पुस्तकात नाही. झालंच नाही ते." आणि तो आत जाता जाता थांबला. "तुझ्या बापाचं भाषण मी सांभाळतो. मला सवय आहे."

सहा वाजता सगळ्यांची जेवणं उरकली होती, साडेसहाला भवन भरलं. ओसवाल, गुजराती, वकील, डॉक्टर, शाळामास्तर, धुळ्याहून दोन मोटारी भरून आलेली मंडळी, आणि मागे सतरंजीवर छावणीवर काम करणारी सातपुड्याकडची माणसं, बाउजींनी मुद्दाम बोलावलेली. दीपचंदला ती सगळी डोकी दिसत होती आणि एकही चेहरा दिसत नव्हता. अजून वेळ आहे. बाउजी व्यासपीठाच्या पायऱ्या चढताहेत, अजून हात धरून थांबवता येईल, कानात सांगता येईल... उठ. मी स्वतःला म्हणालो, उठ. पण मी उठलो नाही.

बाउजींनी कागद उलगडला. सावकाश वाचलं. दुभाष्यानं वाक्यामागून वाक्य पाहुण्यांना उलगडून सांगितलं; युक्रेनच्या जागी त्यानं दुसऱ्याच, मोठ्या देशाचं नाव घेतलेलं दीपचंदला कळलं, ओस्तापनं मान खाली घातली त्यावरून कळलं. मग ते वाक्य आलं. केवळ लाकूड आणि तार. दुभाष्या अडखळला. वादकांच्या रांगेत एक हालचाल झाली, सोनेरी केसांच्या बाईनं आपल्या व्हायोलिनकडे पाहिलं, कुणीतरी ओठ दाबले — आणि तेवढ्यात ओस्ताप उठून उभा राहिला. बाउजींपुढे कमरेत वाकला आणि दोन शब्द बोलला.

"कलाकार महोदय कहते हैं," दुभाष्यानं सांगितलं, "जी हाँ। केवल लकड़ी और तार।"

टाळ्या पडल्या. बाउजी हात जोडून खाली आले, दीपचंदच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि सुटकेचा एक लोंढा त्याच्या अंगातून गेला. झालं. निभावलं. आणि पाठोपाठ, श्वास पुरता घेऊन व्हायच्या आत — किती सहज बोलला तो! डोळ्याची पापणी न हलवता. चाळीस वर्षं जे झालं ते झालंच नाही म्हणत आलेला माणूस, त्याला हे एवढंसं काय जड? आणि तेच त्याच्याकडून मी उसनं घेतलं. आता मलाही सवय होईल. उद्या झोपाळ्यावर बाउजी विचारतील, मी सांगेन, हसेन... कुठे अडखळणारही नाही.

वादन सुरू झालं. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते सहा हात अंतरावर चाललं होतं, खरखर नाही, जिना वाजायची धास्ती नाही, आणि त्याला ऐकू येईना. गज वर-खाली जाताना दिसत. आतड्यावरून केस फिरतोय, एवढंच मनात येई. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, टाळ्या कुठे वाजवायच्या ते न कळून लोक मधेच वाजवत, मग ओशाळत. बाउजी मात्र डोळे मिटून बसले होते, सामायिकात बसतात तसेच.

शेवटी छापील कार्यक्रम संपला आणि दुभाष्या उठायच्या आत ओस्तापनं गज उचलला. एकटाच. काहीतरी अगदी साधं, दळताना म्हणावं तसं, पुढे सरकायचं आणि पुन्हा मागे यायचं. मग एकेक व्हायोलिन त्याच्यामागे आलं, कुणी कुणाकडे न पाहता, जसं काही हे सगळ्यांना आईच्या पोटातून पाठ होतं. दीपचंदला पहिल्यांदा ऐकू आलं. नको म्हणत असताना आलं. मागच्या सतरंजीवर एक बाई तोंडाला पदर लावून बसली होती, तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक.

बाउजी त्याच्याकडे झुकले. "दीपा," ते कुजबुजले, "हे रडणं कशाचं रे?"

त्यानं उत्तर द्यायचं ठरवलं नव्हतं. ते निघूनच गेलं. "त्यांच्याकडेही दुष्काळ पडला होता, बाउजी. मोठा. त्याच्या तरुणपणी."

"असं?" बाउजींनी पुन्हा व्यासपीठाकडे पाहिलं, ओस्तापकडे, बराच वेळ. "आणि छावणी?"

"नव्हती."

"जनावरं मेली असतील."

"माणसांसाठीही नव्हती, बाउजी."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. पगडी किंचित कलली होती. मग त्यानं विचारलं, अगदी काळजीनं, आत्ताच्या आत्ता काही पाठवता आलं तर पाठवावं अशा काळजीनं,

"मग काय खाल्लं रे त्यांनी?"

दीपचंदला पुन्हा भीती वाटली. पण सकाळची ती ही नव्हती. सकाळी आपल्या हातून काय जाईल याची भीती होती — झोपाळा जाईल, ते प्रश्न जातील, पुन्हा सोळा वर्षं. आता ते कुठे आठवतही नव्हतं. समोर एक म्हातारा वाजवत होता, ज्यानं सांगू नको म्हटलं होतं. शेजारी एक म्हातारा विचारत होता, ज्याला सांगायला नको म्हणून दिवस घालवला होता. आणि दोघांचं उत्तर एकच होतं. ते कबुलीसारखं वाटत नव्हतं आता. ते खरोखर खाल्लेलं काहीतरी होतं, चार तारांएवढं, पाण्यात. आणि ते ऐकल्यावर बाउजी त्या वाद्यांकडे कसे पाहतील, हे मला मुळीच सांगता येत नव्हतं. घरात जन्म गेला, तरी सांगता येत नव्हतं.

"सांग ना," बाउजी म्हणाले.

दीपचंदनं आपलं तोंड त्यांच्या कानाशी नेलं. पगडीला चंदनाचा वास येत होता. इतक्या जवळ तो लहानपणानंतर कधी गेला नव्हता.